दारूकोठार

भिंत चार फूट जाड. आत फोन लागत नाही.
मुलांना न्यायला आलेले आईबाप खिडकीवर टकटक करतात,
आणि ती खिडकीही नंतर कधीतरी फोडलेली;
ज्यांनी हे बांधलं त्यांना उजेडाचं वावडं.
दिवासुद्धा शेजारच्या बोळात, जाड काचेआड,
सोवळ्यातल्यासारखा वेगळा.

फ्रेंच येतील म्हणून क्रेकनेसच्या टोकावर,
जिथे खाडी संपते की चिखल सुरू होतो
हे ओहोटीलाही नीट ठरवता येत नाही,
हे ठाणं उभं राहिलं. बारा तोफा, साठ माणसं,
आणि समुद्राकडे बघत बसण्याचा पगार.
फ्रेंच आले नाहीत.
आला तो एकटाच, सव्वाशे वर्षांनी, सायकलवरून,
हँडलला कांद्याच्या माळा.
गावाने घासाघीस करून घेतल्या.

पाळणाघरात नोकरी लागली तेव्हा आईला सांगितलं,
जागेचं नाव दारूकोठार.
पलीकडे शांतता. मग, "कसली दारू गं?"
खोटं काय बोलायचं. दोन्ही.
आधी उडवायची. तोफा हलल्यावर
मॉल्डनच्या एका व्यापाऱ्याने प्यायची ठेवली, पिंपांत,
आणि पहारेकरी तेव्हा कुठे मन लावून
पहारा देऊ लागला.

गेल्या उन्हाळ्यात दाराजवळचा चुना सोलला गेला
(मी नाही, ऑटिलीने, नखाने, झोपायच्या वेळी)
तर खाली काळी अक्षरं:
बूट बाहेर. लोखंड बाहेर.
किल्ली, चाकू, बक्कल, बाहेर.
एमॉस ट्रेजेट नावाचा कोणी कॉर्पोरल
इथे नमद्याच्या सपाता घालून चालायचा.
जुन्या वहीत त्यांचा खर्च आहे,
वर्षाला तीन जोड.
दाराचे खिळेही तांब्याचे, तांब्याची ठिणगी पडत नाही.
आता हिरवे पडलेत.
मुलं त्यांना वाटाणे म्हणतात.

विल्फ पॉटिंजर नव्वदीचा. त्याने इथे अळंबी पिकवली,
सव्वीस वर्षं, अंधारात, घोड्याच्या लिदीवर.
गावाला बघायला बोलावलं त्या दिवशी आला,
दारातच वाकला,
कुणी न सांगता नाड्या सोडू लागला.
"चिखलातून बुरशी येते," म्हणाला. "दुसरी. वाईट."
फार आत आला नाही. कोपरा दाखवला:
तिथे महायुद्धात पेट्या होत्या, छतापर्यंत,
लहान मुलांचे लाल रबरी मुखवटे, विषारी हवेसाठी.
एक त्यालाच घालून बघितला होता. पाच वर्षांचा.
"रबराचा वास," एवढंच.
मग त्या कोपऱ्यातलं बाहुल्यांचं स्वयंपाकघर बघत राहिला,
प्लास्टिकचं एक अंडं उचललं,
होतं तिथे परत ठेवलं.

एक ते अडीच झोप.
चौदा गाद्या, चौदा मुलं, आणि मी मोज्यांवर.
खुर्ची सरकवायची नाही. शिंक आली तर बोळात.
एक रडलं की दुसरं, दुसऱ्याला धरून तिसरं,
मग छतापर्यंत.
ट्रेजेट, तुला कळेल.

मार्चमध्ये भाडेपट्टा संपतो.
पुढे काय, कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं फ्लॅट,
कुणी म्हणतं लग्नाचा हॉल.
परवा एक जण मोजायला आला,
हातात लेझर, बुटांना लोखंडी टाचा.
पावणेदोन वाजले होते.
मी दारात आडवी आले, अक्षरांवर बोट ठेवलं.
"किती जुना नियम हा?"
"चालू आहे," मी म्हणाले.
हसला. पण बसला उंबऱ्यावर, काढले.
डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर.
तसाच अलगद, गाद्यांच्या मधून वाट काढत,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
मोजत गेला.